हिरवळ कुणाची? रूपा राणी टिर्की यांच्या सुवर्णपदकातून आपण काय शिकायचं

2 ऑगस्ट 2022. इंग्लंडमधल्या रॉयल लीमिंग्टन स्पा या गावात, व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळीवर भारताच्या चार महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवलं आणि बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बोल्सचं सुवर्णपदक जिंकलं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि संघाची धुरा सांभाळणाऱ्या रूपा राणी टिर्की. हा खेळ 1930 च्या पहिल्या स्पर्धेपासून राष्ट्रकुलमध्ये आहे. भारताला त्यात मिळालेलं हे पहिलं पदक, आणि तेही थेट सोन्याचं.

त्या दिवशी देशातल्या बहुतेकांना लॉन बोल्स नावाचा खेळ असतो हेच पहिल्यांदा कळलं. दोन दिवस टीव्हीवर कौतुक झालं. 'जिद्द', 'चमत्कार', 'स्वप्नवत प्रवास' हे ठरलेले शब्द वापरून झाले. मग सगळं शांत झालं. रांचीची एक बाई बारा वर्षं भारताकडून हा खेळ खेळत होती, हे त्या दोन दिवसांच्या आधी कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतरही फार कुणी लक्षात ठेवलं नाही.

टिर्की हे छोटानागपूरच्या उराव आदिवासींमधलं गोत्रनाव आहे. आपल्या काही मित्रांनी ते नाव वाचलं आणि लगेच फोटो टाकले, 'आमची लेक जिंकली'. दुसऱ्या काहींनी नाक मुरडलं, 'हा साहेब लोकांचा, क्लबातल्या म्हाताऱ्यांचा खेळ, चळवळीला त्याचं काय?' दोन्ही प्रतिक्रिया समजू शकतात. पण दोन्हींत एक मुख्य प्रश्न सुटून जातो. तो प्रश्न असा, की ज्या खेळासाठी गालिच्यासारखी कातरलेली हिरवळ लागते, त्या खेळात रांचीची ही मुलगी पोहोचली कशी? तिला आत जायला दार कुणी उघडं ठेवलं होतं? या प्रश्नाचं उत्तर आंबेडकरी तरुणांच्या थेट कामाचं आहे, म्हणून हा लेख.

खेळ नेमका काय आहे

सपाट हिरवळीवर आधी एक छोटा चेंडू सरपटत टाकतात. त्याला 'जॅक' म्हणतात. मग दोन्ही बाजूंचे खेळाडू आपापले मोठे चेंडू, सुमारे दीड किलोपर्यंत वजनाचे, गडगडत सोडतात. ज्याचे चेंडू जॅकच्या जास्त जवळ, त्याला गुण. चौघींच्या प्रकारात प्रत्येकीला एका फेरीत दोन चेंडू मिळतात. पहिली खेळाडू जॅक टाकते आणि पाया रचते. 'स्किप' म्हणजे शेवटची खेळाडू समोरच्या टोकाला उभी राहून बाकीच्या तिघींना दिशा सांगते आणि सर्वांत शेवटी स्वतः खेळते. डाव बिघडलेला असेल तर सावरायची जबाबदारी तिची. रूपा राणी टिर्की स्किप होत्या.

या खेळातला मोठा चेंडू पूर्ण गोल नसतो. त्याचा आकार मुद्दाम एका बाजूला झुकता ठेवलेला असतो, त्यामुळे तो कधीच सरळ जात नाही, वेग कमी झाला की वळतो. सरळ नेम धरणारा हमखास चुकतो. चेंडू कुठे वळणार हे ओळखून भलतीकडे नेम धरावा लागतो. हे एका उन्हाळी शिबिरात शिकता येत नाही. त्याच हिरवळीवर, त्याच चेंडूंनी वर्षानुवर्षं तेच तेच करावं लागतं. म्हणजे खेळाडूला ताकदीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, दोन गोष्टी लागतात: रोज वापरता येईल अशी हिरवळ आणि रोज देता येईल असा वेळ. या दोन्ही गोष्टी आपल्या समाजात जातीनुसार आणि वर्गानुसार वाटलेल्या आहेत. मेरिटच्या गप्पा मारणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

कष्टकऱ्यांना कायद्याने बंद असलेला खेळ

खेळाला जात-वर्ग नसतो असं म्हणणाऱ्यांनी याच खेळाचा इतिहास बघावा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्री राजाच्या काळात 1541 साली एक कायदा झाला. कारागीर, शेतमजूर, शिकाऊ कामगार, नोकर, खलाशी, कोळी अशा सगळ्या कष्टकऱ्यांना त्या कायद्याने बोल्स खेळायला बंदी घातली. त्यांनी खेळायचं ते फक्त नाताळात, तेही मालकाच्या घरी, मालकाच्या नजरेखाली. ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला शंभर पौंड आहे, त्याला मात्र स्वतःच्या हिरवळीवर खेळण्याचा परवाना मिळू शकत होता. कारण असं दिलं, की लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात वेळ घालवू नये. म्हणजे राजाच्या लढाईसाठी बाण गरिबाने मारायचे आणि हिरवळ जमीनदाराने वापरायची. ही बंदी 1845 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती.

पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये काय झालं हे महत्त्वाचं आहे. शहरांच्या नगरपालिकांनी सार्वजनिक बागा उभारल्या आणि त्यांत बोल्सच्या हिरवळी तयार केल्या. गिरण्या-कारखान्यांतला कामगार तिथे खेळू लागला. ज्या व्हिक्टोरिया पार्कात आपल्या चौघी जिंकल्या, ती जागाही अशीच एक सार्वजनिक बाग आहे. कायद्याने बंद केलेला खेळ खुला झाला तो कुणाच्या दयेने नव्हे. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक जागा तयार झाली म्हणून तो खुला झाला.

आपल्याकडे हा खेळ इंग्रजांबरोबर आला आणि क्लबांच्या कुंपणात राहिला. मुळात आपल्याकडे हिरवळीचं वाटपच वेगळ्या पद्धतीने झालं. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आजही रांगेने जिमखाने उभे आहेत, पारशी, इस्लाम, हिंदू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सरकारी जमीन समाजांच्या नावाने भाडेपट्ट्यावर दिली गेली. त्या वाटपात अस्पृश्यांच्या नावाचा तुकडा नव्हता. कागदावर ते 'हिंदू' होते, पण हिंदूंच्या जिमखान्यात त्यांना काय मिळत होतं हे पळवणकर बाळू यांच्या आयुष्यावरून कळतं. चांभार समाजातल्या या माणसाने पुण्याच्या जिमखान्यावर मैदान राखण्याचं काम केलं आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी केली. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा बाहेर दिला जायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

इंग्लंडचा मजूर आणि आपला अस्पृश्य यांच्यातला फरक इथे दिसतो. मजुराची बंदी कायदा रद्द झाला की संपली. आपली बंदी कुठल्याही गॅझेटमध्ये नव्हती, त्यामुळे ती रद्द करायलाही काही नव्हतं. ती माणसांच्या वागण्यात होती. गवत आम्ही कापायचं, रोलर आम्ही फिरवायचा, आणि खेळ सुरू झाला की दोरीच्या पलीकडे उभं राहायचं.

अंतिम सामन्यात समोर कोण होतं

समोर दक्षिण आफ्रिका होती. हा देश 1961 मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला आणि वर्णभेद संपल्यावर 1994 मध्येच या स्पर्धेत परतला. 1953 च्या कायद्याने तिथे बागा, समुद्रकिनारे, बाकडी सगळं गोऱ्यांचं आणि काळ्यांचं वेगळं केलं होतं, आणि वेगळं म्हणजे समान असण्याची गरज नाही असंही त्याच कायद्यात होतं. 1976 मध्ये बोल्सची जागतिक स्पर्धा जोहान्सबर्गला भरली. यजमानांनी सगळी विजेतेपदं जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच शहराच्या कडेला, सोवेतोमध्ये, शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. एका बाजूला कातरलेली हिरवळ, दुसऱ्या बाजूला रक्त सांडलेले रस्ते, आणि मध्ये काही मैलांचं अंतर.

2022 च्या दक्षिण आफ्रिकी संघात थाबेलो मुव्हांगो ही कृष्णवर्णीय खेळाडू होती. म्हणजे त्या दुपारी एका बाजूला ज्या हिरवळीवर काळ्यांना मज्जाव होता त्या देशाची काळी मुलगी, आणि दुसऱ्या बाजूला ज्या देशात आदिवासीची ओळख खाणीतला मजूर एवढीच ठेवली गेली तिथली टिर्की. त्या दिवशी हरली दक्षिण आफ्रिका. पण ज्यांनी शतकानुशतकं हिरवळी अडवून ठेवल्या, त्यांच्या विचारांचाही तो पराभव होता. आपल्या माध्यमांनी हे पाहिलं नाही. त्यांच्याकडे 'तिरंगा फडकला' एवढी एकच ओळ होती.

सामनाही एकतर्फी नव्हता. उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध या चौघी 0-5 अशा मागे पडल्या होत्या, तिथून 16-13 ने जिंकल्या. अंतिम सामन्यात सुरुवातीची मोठी आघाडी दक्षिण आफ्रिकेने भरून काढली आणि डाव बरोबरीत आणला. तिथून पुन्हा खेळ उभा करावा लागला. अशा वेळी स्किपचं डोकं थंड राहणं हीच संघाची खरी पुंजी असते. ते थंड डोकं टीव्हीवर दिसलं. ते घडवणारी बारा वर्षं कुणी दाखवली नाहीत.

रांचीत दार कसं उघडलं

रूपा राणी आधी कबड्डी खेळायच्या. लव्हली चौबे धावपटू होत्या. नयनमोनी सैकिया आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या, त्या वेटलिफ्टिंग करायच्या. दुखापतीमुळे तो खेळ सुटला. पिंकी क्रिकेट खेळलेल्या. चौघीही दुसऱ्या खेळातून इथे आल्या, आणि विशीच्या आसपास आल्या. पाचव्या वर्षी अकादमीत घालणारे आईवडील यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला आलेले नव्हते.

मग झालं काय? 2010 ची राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीला होणार होती. यजमान देशाला सगळ्या खेळांत संघ उतरवायचा होता, म्हणून लॉन बोल्सच्या शिबिरांना सुरुवात झाली. त्याच सुमारास झारखंडमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा व्हायची होती. त्या निमित्ताने रांचीजवळ नामकुमला बोल्सची हिरवळ तयार झाली. ती स्पर्धा अनेकदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी फेब्रुवारी 2011 मध्ये पार पडली. तिच्या खर्चातल्या गैरव्यवहाराच्या चौकश्याही झाल्या. हे लपवण्याचं कारण नाही. सार्वजनिक पैशावर कुणी डल्ला मारला असेल तर त्याला शिक्षा व्हावी. पण त्याच सार्वजनिक पैशातला जो तुकडा जमिनीवर गवत होऊन उरला, त्यावर रांचीच्या मुली खेळायला शिकल्या, हेही तितकंच खरं आहे.

यातून 'सरकारी खर्च म्हणजे भ्रष्टाचार, म्हणून सगळं खासगी करा' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतील. त्यांना एवढंच विचारा: नामकुमची हिरवळ एखाद्या खासगी क्लबाची असती, सदस्यत्वाची फी लाखांत असती, तर कबड्डी खेळणारी ही मुलगी आत कशी गेली असती? गवत कापायला?

रांचीच्या बाबतीत अजून एक हिशेब आहे. धुर्व्याच्या अवजड यंत्रांच्या सरकारी कारखान्यासाठी पन्नास-साठच्या दशकात आदिवासी गावांच्या जमिनी गेल्या. आजूबाजूच्या पट्ट्यात कोळशासाठी गेल्या. देशाच्या विकासासाठी ज्यांनी शेत दिलं, त्यांच्या नातवंडांना एक मैदान मिळणं ही मेहेरबानी नाही. ते थकलेलं देणं आहे, आणि तेही अगदी थोडं.

पदकामागे पगाराची स्लिप असते

पदक जिंकलं तेव्हा लव्हली चौबे झारखंड पोलिसांत कॉन्स्टेबल होत्या. नयनमोनी आसामच्या वनखात्यात कॉन्स्टेबल होत्या. रूपा राणी झारखंडच्या क्रीडा खात्यात जिल्हा क्रीडा अधिकारी होत्या. पिंकी दिल्लीच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. चौघींपैकी तिघी सरकारी नोकर.

या खेळात प्रायोजक नाहीत, लिलाव नाहीत, जाहिराती नाहीत. चेंडूंचे नावाजलेले कारखाने ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात आहेत, संच महाग पडतो. 2010 ला दिल्ली, 2014 ला ग्लासगो, 2018 ला गोल्ड कोस्ट, पदक नाही. तरी 2022 मध्ये रूपा राणी पुन्हा उतरल्या. तीन वेळा रिकाम्या हाताने परतून चौथ्यांदा जायला माणसाला जिद्द लागते, मान्य. पण त्याआधी महिन्याच्या एक तारखेला पगार लागतो. जिद्द आपल्या वस्त्यांत काय कमी आहे? पहाटे चारला उठून पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी कुठल्या जिद्दीत कमी पडतात? कमी पडतो तो पगार, आणि त्या पगाराने विकत मिळणारा निवांत वेळ.

समाजशास्त्रात पिअर बूर्द्यू हा फ्रेंच अभ्यासक वाचतात. कोणता वर्ग कोणता खेळ खेळतो हे निव्वळ आवडीवर ठरत नाही, हे त्याने दाखवलं. हातात पैसा किती, मोकळा वेळ किती आणि त्या खेळाच्या जागेत वावरताना अंगात संकोच किती, यावर ते ठरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, क्लबाच्या गेटवर वॉचमन कुणाला थांबवतो आणि कुणाला सलाम ठोकतो, तिथेच अर्धा खेळ संपलेला असतो. सरकारी नोकरीने यांतल्या तिघींना पैसा आणि वेळ दिला. सार्वजनिक मैदानाने संकोच घालवला.

रजेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. रांचीच्याच मुलखातले जयपाल सिंग मुंडा 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. तेव्हा ते आयसीएसचं प्रशिक्षण घेत होते. ऑलिंपिकसाठी रजा मिळाली नाही. ते तरीही गेले आणि पुढे आयसीएस सोडली. नंतर हेच जयपाल सिंग संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले, ज्या सभेत बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. 1928 मध्ये आदिवासी खेळाडूला नोकरी आणि खेळ यांतलं एक निवडावं लागलं. 2022 मध्ये रूपा राणींना दोन्ही ठेवता आलं. हा बदल आपोआप झालेला नाही. संविधान, सरकारी नोकऱ्या आणि खेळाडूंसाठीच्या तरतुदी यांतून तो झाला. आज सगळीकडे कंत्राटी भरती सुरू आहे. कंत्राटी कामगाराला तीन आठवड्यांची परदेश दौऱ्याची रजा कोण देणार? तो गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. कंत्राटीकरणाविरुद्धची लढाई ही खेळाडूंचीही लढाई आहे, हे आपण मोर्च्यांत बोलायला हवं.

चवदार तळं आणि मैदान

आता मुद्द्याचं. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव कागदावर राहिला, म्हणून 1927 ला महाडला जावं लागलं. तिथे लढाई घोटभर पाण्यासाठी नव्हती. सार्वजनिक गोष्टीवर आमचाही तितकाच हक्क आहे हे सिद्ध करायचं होतं. तोच विचार संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात आला. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांचा त्यात उल्लेख आहे.

मैदान ही अशीच जागा आहे. तालुक्याचं क्रीडा संकुल ही अशीच जागा आहे. पण आपण तळ्याबद्दल जितकं बोललो, तितकं मैदानाबद्दल बोललो नाही. समाजमंदिर मागितलं, विहार मागितला, अभ्यासिका मागितली. सगळं बरोबर मागितलं. मैदान मात्र आपल्या मागण्यांच्या यादीत खाली राहिलं. शिकून साहेब होणं हा आपला मार्ग होता आणि खेळ म्हणजे पोरांचा टाइमपास, असं आपल्याही घरांत मानलं गेलं. ज्या पिढीने उपाशी राहून मुलं शिकवली तिला दोष देता येणार नाही. पण आजच्या पिढीने हा विचार पुढे न्यायला हवा.

आज मैदानाच्या दाराशी 'अस्पृश्यांना प्रवेश नाही' असा फलक नसतो. त्याऐवजी मासिक फीचा फलक असतो, 'सदस्यांसाठी राखीव' असतं, ठेकेदाराचं कुलूप असतं, लग्नाचा मांडव असतो. परिणाम तोच: वस्तीतलं पोर बाहेर, रस्त्यावर.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातलाच: आपल्याकडे शिष्यवृत्ती थकली, वसतिगृहांत जेवण नीट नाही, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही लॉन बोल्स कुठे घेऊन बसलात? उत्तर साधं आहे. मी प्रत्येक वस्तीत बोल्सची हिरवळ मागत नाही. मी म्हणतो, वस्तीतल्या मुलीला कुठला खेळ जमेल हे आज आपल्याला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं हाच अन्याय आहे. कबड्डीतली मुलगी बोल्सची सुवर्णविजेती होईल असं कुणाला वाटलं होतं? दार उघडं होतं म्हणून ती आत गेली. शिवाय क्रिकेटसारख्या खेळांत पैसा आणि ओळख असणाऱ्यांची आधीच रांग लागलेली आहे. कमी गर्दीच्या खेळांत वाट अजून मोकळी आहे. पुढेमागे तिथे पैसा आला की तिथेही रांग लागेल.

दुसरा आक्षेप बाहेरचा: खेळात कशाला जात आणता? चौघी वेगवेगळ्या समाजांतल्या, एकत्र खेळल्या, जिंकल्या, हीच खरी एकता. त्या चौघींचा एकोपा खराच आहे आणि आपल्याला त्याचा आदर आहे. पण पंधरा फेऱ्यांचा एकोपा म्हणजे जातिअंत नव्हे. बंधुभाव टिकायचा तर संधी समान हवी, हे आपल्याला संविधानाने शिकवलं. आणि आपणही एक पथ्य पाळू या: रूपा राणींच्या खांद्यावर आपल्या घोषणा लादू नयेत. त्यांनी आपलं काम केलं. त्यांच्या यशातून धोरणाची मागणी उभी करणं हे आपलं काम आहे.

मग करायचं काय

एक. आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाची माहिती अधिकारात माहिती मागवा. किती निधी आला, कशावर खर्च झाला, फी किती, मैदान वर्षातले किती दिवस खेळासाठी आणि किती दिवस इतर कार्यक्रमांसाठी वापरलं गेलं, वापरणाऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींची मुलं-मुली किती. आकडे हातात आल्याशिवाय निवेदन देऊ नका.

दोन. समाजकल्याणच्या वसतिगृहांना आणि निवासी शाळांना खेळायची जागा आणि नेमलेला प्रशिक्षक हवा. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा भलतीकडे वळवला जातो अशी तक्रार आपण करतो, पण तो कुठे लागावा याच्या यादीत मैदान लिहितो का?

तीन. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत. अनुसूचित जातीच्या प्रवर्गात पात्र खेळाडू मिळाला नाही, तर जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते, म्हणून आपल्याला तोटा जाणवत नाही. पण खेळून नोकरी मिळवायची वाट मात्र आपल्या मुलांसाठी ओस पडते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही राज्याने पाहिली आहेत. खऱ्या खेळाडूच्या तोंडचा घास पळवणाऱ्या या धंद्यावर आपल्या विद्यार्थी संघटनांनी लक्ष ठेवायला हवं.

चार. क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत कोण बसतं ते बघा. निवड तिथे होते, शिबिराला कोण जाणार ते तिथे ठरतं. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिलांना आणि नामवंत खेळाडूंना कार्यकारिणीत जागा दिल्या, हे स्वागतार्ह आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाची तशी तरतूद मात्र त्यात नाही. प्रतिनिधित्वाची मागणी विधानसभा आणि नोकरीपाशी थांबवायचं कारण नाही.

2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी असे भारताला पदकं देणारे खेळ वगळले आहेत. बोल्स मात्र राहिला आहे. 2030 ची स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. म्हणजे पुन्हा मैदानं बांधली जातील, पुन्हा शिबिरं लागतील, पुन्हा सार्वजनिक तिजोरी उघडेल. 2010 च्या तयारीच्या काळात रांचीत एक दार उघडलं आणि बारा वर्षांनी त्यातून सोनं आलं. या वेळी उघडणारी दारं कुणासाठी असतील, आणि स्पर्धा संपल्यावर त्या मैदानांच्या किल्ल्या कुणाकडे जातील, हे आत्ताच विचारायला हवं. 2030 नंतर विचारलं तर उत्तर द्यायला तिथे फक्त ठेकेदाराचा वॉचमन उभा असेल.

मैदान सरकारी जमिनीवर आहे, आपल्या कराच्या पैशावर उभं आहे. ते मागायला लाजू नका.

जय भीम! जय संविधान!